मला काही नाही, पण...

आमच्या प्रकरणात व्हिलन कुणीच नाही आणि सगळा घोळ तिथेच आहे. पिक्चरमध्ये कसं, पोरीचा बाप मिशीला पीळ देत बसलेला असतो, भाऊ जीप घेऊन मागे लागतात, मग त्या दोघांना पळून जायला एक जोर येतो. आम्ही पळून जावं तर कुणापासून? त्याची आई दर सुगीला माझ्यासाठी वेगळी काढून ज्वारी पाठवते. माझे अण्णा त्याला फोन करून इन्कमटॅक्सचं विचारतात, तो जीएसटीवाला आहे, इन्कमटॅक्स वेगळं खातं आहे हे त्याने हजारदा सांगूनसुद्धा. अशा माणसांपासून पळून गेलं तर संध्याकाळी "पोचलो बरं का" असा फोन त्यांनाच करावा लागेल.

त्याचं नाव लिहीत नाही. पुण्यात सदाशिव पेठेत, जिथे आम्ही एमपीएससीचा अभ्यास केला, तिथे तसंही अर्ध्या पोरांना गावावरून ओळखतात, तो गंगाखेडचा म्हणून गंगाखेडकर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर आयसीएमआरचे डॉ. रमण गंगाखेडकर दिसायला लागले तेव्हा ग्रुपवर नुसता ऊत आला होता, "सर लस कधी येणार" म्हणून जो तो याला टॅग करायचा. मी बार्शीची, म्हणून बार्शीवाल्या मॅडम. एमपीएससीच्या जगात सगळे एकमेकांना सर आणि मॅडमच म्हणतात, पोस्ट निघायच्या आधीपासून, तेवढीच हौस.

२०१८ ला मी पुण्यात आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर रूम, महिन्याची मेस, आणि अभ्यासिका. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, अभ्यासिका म्हणजे जुना वाडा पाडून बांधलेल्या बिल्डिंगचा एक मजला, त्यात प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्याला एक ट्यूबलाइट, एक प्लग, एक लॉकर, आणि समोरच्या प्लायवर आधीच्या पोराने पेनाने कोरलेलं "डीवायएसपी" नाहीतर नुसती एखादी तारीख. तो माझ्या मागच्या रांगेत बसायचा. आमची ओळख झाली ती भांडणातून. पूर्वपरीक्षेची पहिली उत्तरतालिका आली होती, एका प्रश्नाला आयोगाने दिलेलं उत्तर चूक आहे असं माझं म्हणणं, बरोबर आहे असं त्याचं, आणि चहाच्या गाड्यावर आम्ही एवढे भांडलो की चहावाला म्हणाला मॅडम दोघांचे पैसे द्या आणि तिकडं जाऊन भांडा. हरकती नोंदवायच्या मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी हा माझ्या कप्प्यापाशी आला आणि एका सरकारी अहवालाच्या पानाची झेरॉक्स ठेवून गेला. वाचलं तर माझ्या बाजूचा पुरावा. शोधायला गेला होता स्वतःच्या बाजूचा, सापडला माझ्या, तर मला आणून दिला. पुढे फायनलला तो प्रश्नच रद्द झाला, मार्क दोघांनाही नाही. पण मला त्या झेरॉक्सवरून माणूस कळला होता.

मग काय, मैत्री. पेठेतली मैत्री फार प्रॅक्टिकल असते. पेपर दोघांत एक, तो पहाटे वाचणार, मी दुपारी. माझ्यासाठी महत्त्वाच्या बातमीवर पेन्सिलने टिक केलेली असायची. एकदा शब्दकोडं अर्धं सोडवलेलं दिसलं, मी उरलेलं पुरं केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला जे येतात नेमके तेच शब्द हा मोकळे सोडतोय. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग भुर्जी-पाव नाहीतर मिसळ, आणि जेवून अलका चौकापर्यंत चालत जाऊन परत. झेड ब्रिजवर आम्ही कधी गेलो नाही. तिथे गाड्या लावून जोड्या बसतात, आपण कशाला, आपलं तसं काही नाही, असं दोघांनीही न बोलता ठरवलेलं. आता वाटतं की खरंच तसं काही नसतं तर गेलो असतो की, पाय काय मोडले होते?

बाहेरच्यांना वाटतं पुण्यात शिकायला गेलेली पोरं, तिथे कोण जात विचारतंय. पेठेत खरंच कुणी विचारत नाही कारण गरजच पडत नाही. निकाल लागला की पहिला प्रश्न, तुझा कट-ऑफ कितीला लागला. खिडकीपाशी बसणारी ओबीसी, पंख्याखालचा एससी, मी ओपन, गंगाखेडकर एनटी-डी म्हणजे भटक्या जमातींतला ड गट, हे सगळं सगळ्यांना पहिल्या महिन्यातच पाठ. माझी तर कॅटेगरीच बदलत राहिली. २०१८ च्या शेवटी मराठा आरक्षणाचा कायदा झाला म्हणून एसईबीसी, सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाची स्थगिती, ५ मे २०२१ ला तो कायदाच रद्द, मग ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या सर्टिफिकेटसाठी अण्णांच्या तहसीलला चकरा, आणि फेब्रुवारी २०२४ ला परत नवा कायदा, १० टक्क्यांचा. त्याची पहिल्यापासून एकच, २ टक्के. महाराष्ट्रातल्या वाचकाला एवढ्यावर काय ते कळलं, आणखी फोडून सांगत बसत नाही.

तर ५ एप्रिल २०२० ला होणारी राज्यसेवा पूर्व शेवटी झाली २१ मार्च २०२१ ला. मधे ती कितीदा पुढे गेली ते पेठेतल्या पोरांना आजही तारखांसकट म्हणून दाखवता येईल. त्यातली ऑक्टोबरमधली तारीख कोरोनामुळे नाही, मराठा आरक्षणाला स्थगिती आल्यावर संघटनांनी मागणी केली म्हणून ऐन दोन दिवसांवर पुढे गेली. म्हणजे माझ्या माणसांसाठी. तेव्हा तो गंगाखेडला, मी बार्शीला, रोज रात्री नऊला फोनवर एकमेकांना प्रश्न विचारायचे असा आमचा नेम. त्या रात्री मलाच कसंतरी वाटत होतं, त्याची तयारी पूर्ण झाली होती हे मला माहीत होतं. मीच विषय काढला. तर हा म्हणतो, "बरंय की, माझा भूगोल राहिलाय." त्याचा भूगोल राहिलेला नव्हता. भूगोल त्यानेच मला शिकवला होता. मी फोन ठेवला आणि माळवदावर जाऊन उगाच इकडून तिकडे फिरत बसले, आईने खालून हाक मारली, काय झालं गं, म्हटलं नेटवर्क नाहीये खाली.

११ मार्च २०२१ ला, तीन दिवसांवर आलेली परीक्षा परत पुढे ढकलली तेव्हा नवी पेठेत शास्त्री रोडवर पोरं उतरली, तेव्हा आम्ही दोघंही परत पुण्यात होतो, दोघंही त्या गर्दीत. टीव्हीवर दिसलं ते सगळ्यांनी बघितलंय. मला आठवतं ते एवढंच की गर्दी रेटायला लागली तेव्हा त्याने माझी सॅक मागून घट्ट धरून ठेवली होती, हात नाही धरला, सॅक धरली, आणि घरी येऊन बघते तर सॅकचा पट्टा उसवलेला.

आणि मग त्याच वर्षी पावसाळा सरताना त्याला डेंग्यू झाला. रूममेट गावी गेलेला, म्हणून रात्री रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेला. काउंटरवर फॉर्म. पेशंटचं नाव, वय, गाव, सोबत असलेल्याचं नाव, पेशंटशी नातं. मी लिहिलं, मैत्रीण. काउंटरवरचा माणूस चांगला होता हो, वैतागला वगैरे नाही, म्हणाला ताई नातेवाईक लागतो, काहीतरी लिहा, सिस्टीममध्ये घ्यावं लागतं. मी मैत्रीण खोडून बहीण लिहिलं. पेठेत हे चालतंच, मुली रूमवर भावाला घेऊन येतात तेव्हा घरमालकालाही माहीत असतं की आडनावं वेगळी आहेत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, डिस्चार्जचे कागद त्याच्या हातात पडले. पडल्या पडल्या त्याने सगळी फाइल वाचून काढली, सवयच ती, कागद दिसला की वाचायचा. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे सोडून काहीपण लिहायचं होतं."

एवढंच. हे आमचं प्रपोज. मी म्हटलं काहीपण म्हणजे काय. म्हणाला, आत्या लिही, पण हे नको. मग दोघंही हसलो आणि त्याला खोकल्याची ढास लागली आणि सिस्टर येऊन मला बाहेर काढून गेली.

इथून पुढे गोष्ट सोपी व्हायला पाहिजे होती. दोघांना एकमेकांबद्दल काय वाटतं ते कळलं, आता काय राहिलं? पण आमच्यासारख्यांत मनातलं बोलणं म्हणजे फक्त पूर्व पास होणं, खरी मुख्य परीक्षा पुढेच असते. आम्ही दोघांनी रफ वहीच्या मागच्या पानावर अक्षरशः आडवे-उभे कॉलम आखून लिहिलं की कुणाचं काय म्हणणं येईल. त्याची पोस्ट नाही. माझीही नाही. माझं वय एकोणतीस, घरात स्थळं येताहेत. त्याचे वडील नाहीत, मामांच्या शब्दावर घर चालतं. आणि सगळ्यात खाली त्याने बारीक अक्षरात लिहिलं, "धाकटी".

त्याची बहीण. तेव्हा परभणीला बीएस्सीला होती. भावाने जातीबाहेर केलं की मागच्या बहिणीच्या स्थळांना कसे पाय फुटतात हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. पाहुणे येतात, चहा घेतात, पोरगी आवडते, आणि मग मध्यस्थाकडून निरोप येतो की पोरगी चांगलीच आहे, आमचं काही नाही, पण. त्या पोरीने माझं काय घोडं मारलं होतं? लॉकडाऊनमध्ये फोनवर आमची प्रश्नोत्तरं चालायची तेव्हा मागून तीच उत्तर ओरडायची, आणि बहुतेक वेळा बरोबर. तो म्हणाला, "माझं काही नाही, मी उद्या तयार आहे, पण आधी तिचं होऊ दे." यावर मी काय बोलणार, नाही म्हणणारी मुलगी मला स्वतःलाच आवडली नसती.

२०२२ ला त्याची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला आली. मुलांच्या रूमवर बाईमाणसाला कुठे ठेवणार, म्हणून माझ्याच रूमवर आली, माझी रूममेट गावी गेली होती तिच्या कॉटवर. ऑपरेशन झाल्यावर डोळ्याला हिरवी पट्टी, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, थेंब टाकायचे वेळच्या वेळी. थेंब मी टाकायचे. एक डोळा झाकलेला असतानाही तिने माझ्या रूममधल्या सगळ्या गोष्टींची फेरतपासणी केली, डब्यातलं तिखट संपत आलंय, गादी एका बाजूला दबलीय, केसांना तेल नाही. मग मला पुढ्यात बसवून तेल लावायला लागली. मी म्हणत होते काकू वाकू नका, तर म्हणे मी वाकत नाही, तूच खाली बस. बोटं एकदम जड, कापूस वेचून वेचून खरखरीत झालेली, आणि इतक्या जोरात चोळायची की माझी मान हलत होती. माझं शिक्षण, माझे अण्णा, आमची शेती किती, सगळं विचारून झालं. आणि मग केसांचा पेड घालता घालता, अगदी मायेने, म्हणाली, "तू आमच्यातली असतीस ना माय, तर आजच तुला मागणी घातली असती बघ."

मी काय बोलू. तिला कळलंही नसावं आपण काय बोललो, का सगळं कळून बोलली, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. आवाजात कुठे टोचणी नव्हती, सूचना नव्हती, इशारा नव्हता, खरोखरची हळहळ होती, जसं आपण म्हणतो की पाऊस वेळेवर आला असता तर. पेड घालून झाला, तिने पाठीवर थाप मारली, म्हणाली ऊठ. मी उठले आणि तिचे थेंब टाकायची वेळ झाली होती ते टाकले.

ही अशी माणसं आहेत, यांच्याशी भांडायचं कसं ते कुणी शिकवत नाही. कायदा आम्हाला शिकवलाय, तो तोंडपाठ आहे. विशेष विवाह कायदा १९५४, नोटीस दिली की ३० दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते, त्या काळात कुणीही हरकत घेऊ शकतं, पण कारणं ठरलेली आहेत, वय कमी आहे, आधीचा जोडीदार हयात आहे, नात्यात बसत नाही, मानसिक स्थिती, झालं. जात हे त्या यादीत कारणच नाही. मग तीन साक्षीदार आणि सह्या. शिवाय दोघंही हिंदू, म्हणजे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही होतं, नोटीसही नको. २००६ ला सुप्रीम कोर्टाने लता सिंह केसमध्ये सांगितलं की आंतरजातीय लग्नं देशाच्या हिताचीच आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात असल्या लग्नांना शंभरेक वर्षांपूर्वी कायद्याची मान्यता दिली, त्यावर आम्ही दोघांनी कितीदा प्रश्न सोडवलाय. आणि आमच्यासारख्या जोडीला समाजकल्याणकडून ५०,००० रुपये मिळतात, एक जण एससी, एसटी, व्हीजेएनटी (म्हणजे त्याच्यासारखे विमुक्त-भटके) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांतला असला की. म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात "पण" न लावता हो म्हणणारं कोण, तर सरकार! ज्या सरकारने आमची एक पूर्वपरीक्षा घ्यायला वर्ष लावलं ते. आणि हे सगळं असून २०११-१२ च्या आयएचडीएस या देशभरातल्या घरोघरच्या सर्वेक्षणात देशातली आंतरजातीय लग्नं निघाली शंभरात पाचेक. मला पूर्वी वाटायचं उरलेल्या पंचाण्णवांच्या घरी मारामाऱ्या झाल्या असतील. आता वाटतं बहुतेकांच्या घरी कुणीतरी केसांना तेल लावलं असेल.

माझ्या घरचं सांगते. अण्णा झेडपीचे रिटायर्ड शिक्षक. ११ एप्रिलला फुल्यांवर आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांवर गावात भाषण कुणाचं तर अण्णांचं, आणि ते पाठ केलेलं नसतं, माणूस मनापासून बोलतो, घरात आम्हा बहीण-भावात कधी फरक केला नाही, मी पुण्याला जाते म्हटल्यावर सोसायटीचं कर्ज काढून पैसे दिले. गंगाखेडकर त्यांना आवडतो. घरी आला की दोघं जेवण होऊन ताटं वाळली तरी बोलत बसतात.

मग २०२३ चा सप्टेंबर आला. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे काही बदललं ते बदललंच. आमच्या बाजूच्या ग्रुपवर काय फिरत होतं आणि त्यांच्या बाजूच्या ग्रुपवर काय, ते इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बार्शी तशी सोलापूर जिल्ह्यात, पण पलीकडे लगेच धाराशिव लागतं, वारं काय हद्द बघून थांबतं? पेठेतसुद्धा वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवणारी पोरं हळूहळू वेगळ्या टेबलांवर बसायला लागली, कुणी कुणाला ऊठ म्हटलं नाही, आपोआप. माझा चुलत भाऊ मला फोनवर म्हणाला की "त्या लोकांमुळे" तुझी पोस्ट गेली. त्या लोकांना २ टक्के, आणि कट-ऑफ बऱ्याचदा ओपनच्या इतका जवळ लागतो की हातभर अंतर राहत नाही, हे त्याला आकडे काढून दाखवलं तर म्हणाला तुला काय पढवलंय त्याने. आम्हा दोघांचं काय झालं? आम्ही बातम्यांवर बोलणं बंद केलं. जी माणसं पेपरमधली प्रत्येक ओळ वाटून वाचायची ती पहिलं पान सोडून सरळ संपादकीयाच्या मागच्या पानावर जायला लागली. हे मला सगळ्यात जास्त लागलं, घरच्यांच्या नकारापेक्षा जास्त. तो एकदा म्हणाला, "मी काही बोललो तर तुला वाटेल मी त्यांच्याकडून बोलतोय." मी म्हटलं मलाही तेच वाटतं. मग बराच वेळ आम्ही नागनाथ पारापाशी उभे होतो आणि आरक्षणावर, म्हणजे आपापल्या खऱ्या मतांवर, कडाकडा भांडलो, त्या पहिल्या उत्तरतालिकेसारखे, आणि रात्री रूमवर आल्यावर कित्येक महिन्यांनी मला नीट झोप लागली.

पुढचं भराभर. तो राज्यकर निरीक्षक झाला. मी क्लार्क झाले, मुंबईत, क्लार्क म्हटलं की लोक आवाज बारीक करतात पण माझा पगार पहिल्या महिन्यात हातात आला तेव्हा मी लोकलमध्ये रडले होते. राज्यसेवेचा नाद दोघांनीही सोडला. धाकटीचं लग्न गेल्या वर्षी झालं, पोरगा बँकेत आहे, तिला आवडलेला आहे. मी लग्नाला होते. काकूंनी मला बायकांना कुंकू लावायला उभं केलं होतं आणि जी येईल तिला सांगत होत्या, ही पुण्याची, माझ्या लेकीसारखी. मी म्हणजे त्या मांडवात अगदी घरची, फक्त एक पायरी सोडून.

म्हणजे रफ वहीतली एकेक रांग खोडली गेली. पोस्ट, दोघांचीही. धाकटी. तर मी ठरवलं की आता आपण बोलायचं, आणि पहिल्यांदा आईशी बोलले.

आईला धक्का वगैरे काही बसला नाही, ती म्हणाली मला काय दिसत नव्हतं का. भाजी निवडत होती ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "मला काही नाही बाई, पोरगं सोन्यासारखं आहे. पण अण्णांना चालायचं नाही." अण्णांना विचारलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि भाषणात घेतात तसा पॉज घेऊन म्हणाले, "मला वैयक्तिक काहीच अडचण नाही. पण तात्याला विचारल्याशिवाय होत नाही, त्याच्या दोन पोरी अजून उजवायच्यात." तात्या म्हणजे धाकटा काका, बार्शीत खतांचं दुकान. दुकानातच गेले. तात्याने गिऱ्हाईक थांबवून ऐकून घेतलं, मला थंड मागवलं, आणि म्हणाला, पुतणे, जग कुठं चाललंय, मी असल्या गोष्टी मानत नाही, माझं काही नाही, पण आक्काच्या सासरचे लोक तुला माहीत आहेत. आक्का म्हणजे आत्या. तिला फोन लावला. आत्या फोनवरच रडली, आनंदाने की कशाने ते कळलं नाही, म्हणाली माझ्या घरच्यांचं मी बघते गं, ते काही वाईट नाहीत, पण भावकी आहे, आबा आहेत, आबा हयात असेपर्यंत हा विषय काढू नका.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अडचण कुणाच्याच घरी राहत नव्हती. जिथे जावं तिथे समजायचं की ती पुढच्या घरी गेलीय. सगळे जण तिच्या वतीने बोलत होते, तिला भेटलेलं कुणीच नव्हतं. आणि आम्ही दोघं तरी काय वेगळे, आम्हीपण वहीत कॉलम आखून इतकी वर्षं हेच म्हणत आलो, आपलं काही नाही, पण यांचं, पण त्यांचं.

म्हणून मी आबांकडे गेले. आबा म्हणजे अण्णांचे चुलत चुलते, वैरागच्या पुढे आमचं मूळ गाव आहे तिथे राहतात, नव्वदीला टेकलेत, भावकीत अजूनही कुणाच्या बांधाचा वाद झाला की त्यांच्याच ओट्यावर येतो. मी एसटीने गेले, फाट्यावरून चालत, पाणी प्यायले, पाया पडले. आबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यांनी प्रश्न विचारले ते असे.

"गाव कंचं म्हणलीस?"

"गंगाखेड."

"लांब हाय की. पोरगं करतंय काय?"

"सरकारी नोकरी आहे. जीएसटीत."

"दारू?"

"नाही आबा."

"कोण लोक?"

सांगितलं. आबांनी तंबाखूवर दोन थापट्या मारल्या, चुना झटकला, चिमूट तोंडात धरली. मग म्हणाले, "मला काय करायचंय त्याचं. माझं काय ऱ्हायलंय आता? कर की. पण तुझ्या बापाला चालंल का? मास्तर माणूस हाय, चार लोकांत मान हाय त्येला."

एसटीत बसल्यावर मी एकटीच हसत होते, शेजारची बाई जरा सरकून बसली. रात्री अण्णांना सांगितलं की आबांची काही हरकत नाही, ते तुम्हाला विचारा म्हणाले. अण्णांनी आधी "आबांना हल्ली ऐकू कमी येतं" असं म्हणून बघितलं. मी म्हटलं, मी मोठ्याने बोलले होते, शेजारच्या ओट्यावरच्या लोकांनीपण ऐकलंय. आई आतून फसकन हसली. अण्णा म्हणाले, विचार करतो. म्हटलं करा, पण या वेळी स्वतःचा करा, दुसऱ्या कुणाचा नको. हे जरा जास्त झालं असेल, पण बोलून गेले आणि परत घ्यावंसं वाटलं नाही. त्याला आता तीन आठवडे झाले. अण्णा अजून विचार करताहेत, पण मधे आईकडून मला विचारणा झाली की त्याची पोस्टिंग बदलून पुण्याला मिळू शकते का, आणि क्लार्क आणि निरीक्षक यांना जोडीने क्वार्टर मिळतं का.

त्याच्याकडची रांग माझ्यापेक्षा लांब आहे. काकू, मग मोठे मामा जिंतूरचे, मग मामांचे व्याही, मग गावातले कुणीतरी जुने सरपंच. काकूंशी तो बोललाय, त्या म्हणाल्या मला काय बाबा, माझी तर कधीची इच्छा, पण तुझ्या मामाला विचार. फोनवर मला हे सांगताना त्याचा आवाज पडलेला होता आणि मला हसू आवरत नव्हतं. येत्या रविवारी तो जिंतूरला चाललाय. मामा काय म्हणतील ते मला आत्ताच पाठ आहे, तरी त्याला बजावलंय की मधे तोडू नको, सगळं ऐकून घे, आणि निघताना पुढच्या माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर घेऊनच ये.